गाळलेला शब्द

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," असं प्रयागताईंना कोणी म्हटलं, की त्या लगेच विचारायच्या, "कोणतं?"

समोरचा माणूस गडबडून जायचा. त्याने ते नुसतं मान राखायला म्हटलेलं असायचं. प्रयागताई पदराने चष्मा पुसत शांतपणे थांबायच्या आणि म्हणायच्या, "मी तीन गोष्टी बोलले. तिन्ही बरोबर, का एकच? सांगून जा."

अशा बाईबरोबर मी सात वर्षं रोज हैदराबादेत तारनाक्याहून आबिड्सपर्यंत बसने गेले. त्या आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या स्टेनो. कारखाना सरकारी, शहराबाहेर. त्याचं मोठं ऑफिस आबिड्सला, पोस्टाच्या मागच्या गल्लीत. मी तिथे टायपिस्ट होते, पण हंगामी. दर सहा महिन्यांनी माझी ऑर्डर संपायची आणि चार दिवसांनी नवी निघायची. ते चार दिवस घरात कुणाशी धड बोलणं व्हायचं नाही माझं.

प्रयागताईंचं माहेर नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. वडील निजामाच्या काळात हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. त्यामुळे ताईंच्या मराठीत 'हो'साठी 'हौ', 'का'साठी 'कैकू', शिवाय 'नक्को', 'परेशान' असं सगळं सुखाने नांदायचं. आमच्या गल्लीत पुण्याहून आलेल्या एका बाईंनी एकदा त्यांना हसून सांगितलं, "अहो, नक्को नाही, नको." ताई म्हणाल्या, "तुम्हाला कळलं ना मला नक्कोय ते? मग झालं."

त्यांच्या पिशवीत डबा, छत्री आणि शॉर्टहँडचं पॅड असायचंच. शॉर्टहँड शिकल्या होत्या इंग्रजीसाठी, पण त्यात काहीही लिहायच्या. मला एकदा म्हणाल्या, "हे आवाजाचं लिहिणं आहे बाई, भाषेचं नाही. तेलगू येऊ दे, उर्दू येऊ दे, जे कानात पडलं ते कागदावर." कंडक्टर काय म्हणाला, दूधवाला काय म्हणाला, सगळं त्यांच्या पॅडावर सापडायचं. लोक त्यांना टरकून असायचे. माझ्या सासूबाई तर त्या आल्या की आत निघून जायच्या. "त्या बाईसमोर शिंकायची चोरी," म्हणायच्या.

संशयी होत्याच त्या. पण चारचौघांचा संशय निराळा, त्यांचा निराळा. समोरचा खोटं बोलतोय असं त्यांना सहसा वाटत नसे. त्या म्हणायच्या, "खोटं बोलायला हिंमत लागते. ती कुठे असते सगळ्यांत? माणूस एक शब्द गाळतो फक्त. तो शोधायचा."

त्यांचे यजमान माधवराव रेल्वेतून निवृत्त झालेले. अगदी भोळा माणूस. एकदा त्यांच्या छातीत दुखलं म्हणून कोठी भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. घरी घेऊन जा." माधवराव खूश होऊन उठले. ताई बसूनच.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, का माणूस?"

डॉक्टर चिडले. बाहेर तीस लोक बसले होते. पण ताई हलेनात. "छाती नॉर्मल असली, तर दुखलं कैकू? तेवढं सांगा, मी जाते." शेवटी डॉक्टरांनी निव्वळ त्यांना उठवण्यासाठी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या, आणि त्यात माधवरावांची साखर भलतीच वाढलेली निघाली. पुढच्या वेळी डॉक्टर स्वतःच खुर्ची सरकवत म्हणाले, "या. काय काय विचारायचंय, आधी विचारून घ्या."

प्रत्येक वेळी अशा विचारण्याचा फायदाच व्हायचा असं मात्र नाही. आमच्या गल्लीत एक तरुण जोडपं राहायला आलं, दोघं मुंबईची, कॉम्प्युटरच्या कुठल्याशा कंपनीत. त्या मुलीने ओळख झाल्यावर म्हटलं, "या ना एकदा घरी." ताईंनी पॅड काढलं. "कोणत्या दिवशी?" बिचारीने तोंडाला येईल तो वार सांगितला, रविवार. रविवारी ताई चारच्या ठोक्याला दारात. दाराला कुलूप. त्या तिथेच पायरीवर बसून राहिल्या, दोघं सिनेमाहून येईपर्यंत. नंतर ती मुलगी मला म्हणाली, "काकू, मला इतकी लाज वाटली. पण त्यांचं काही चुकलं का?"

मग ती वर्षं आली. देश संकटात आहे, परदेशी चलनाची गंगाजळी संपत आली आहे, आता दारं उघडावी लागणार, असं रोज पेपरात यायचं. आमच्या ऑफिसात कुणालाच नीट समजत नव्हतं. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणायचं, आता फोन महिन्यात मिळेल. कुणी म्हणायचं, आता आपले कारखाने विकतील. अशात एका संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवरून देशाशी बोलणार असं जाहीर झालं. ताईंकडे रंगीत टीव्ही होता, म्हणून गल्लीतले आठदहाजण तिथे जमलो. माधवरावांनी सतरंजी घातली. ताई मात्र स्टुलावर, मांडीवर पॅड आणि हातात टोक केलेल्या दोन पेन्सिली.

भाषण सुरू झालं. पंतप्रधान हळू बोलत होते, एकेक शब्द तोलून. सगळ्यांनी थोडी कळ सोसायला हवी, अशा अर्थाचं पुन्हा पुन्हा येत होतं. माधवराव मान डोलवत होते.

"चेहरा बघ ना गं," ते म्हणाले. "किती थकलाय माणूस. खरंच बोलत असणार."

"थकलेला माणूससुद्धा लपवतो," ताई मान वर न करता म्हणाल्या. "गप बसा, माझं वाक्य गेलं."

दोनतीन दिवसांनी विरोधी पक्षाच्या नेत्यांचं उत्तर आलं. ते गरजले. देश विकायला काढला, परक्यांच्या दावणीला बांधला, आम्ही रस्त्यावर उतरू. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती. ताईंनी तेही सगळं उतरवलं. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही भाषणं टाइप करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मला बोलावलं.

"वाच."

मी वाचलं. मला काही दिसेना.

"पंतप्रधान म्हणतात, सगळ्यांनी सोसायचं. सगळ्यांत आधी कोणी, ते म्हणत नाहीत. बरं. आता हे दुसरे. विरोध करू म्हणतात, दहा वेळा म्हणतात, मी मोजलंय. पण आम्ही आलो तर हे परत फिरवू, असं एकदा तरी म्हणालेत का? शोध."

मी शोधलं. नव्हतं.

"दोघं भांडतात," ताई कागदांची घडी घालत म्हणाल्या. "पण गाळायच्या वेळी एकमत."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "पुढचं भाषण आपल्या ऑफिसात होईल बघ," म्हणाल्या.

वर्षभरात झालं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनच्या हॉलमध्ये बोलावून कागदावरून वाचून दाखवलं. ऑफिसात संगणक येणार. माणसं जास्त झाली आहेत. ज्यांना स्वखुशीने निवृत्त व्हायचं असेल, त्यांच्यासाठी योजना आहे. जबरदस्ती कुणावर नाही. ताईंनी उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर युनियनची सभा झाली. आमचे सेक्रेटरी नरसिंगराव. तेलगू माणूस, पण बोलायचे आपल्या दख्खनी हिंदीत, कारण तीच सगळ्यांना कळायची. आडदांड, मोठ्या आवाजाचे, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले पोचणारे. त्या दिवशी ते स्टुलावर चढून ओरडले, "जब तक मैं जिंदा हूं, इस आफिस के एक भी पक्के आदमी को हाथ नहीं लगाने दूंगा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. तेवढ्यात गर्दीतून ताईंचा आवाज आला.

"नरसिंगराव, आपका बोला हुआ पढ़ूं क्या?"

नरसिंगराव हसले. "पढ़ो अम्मा."

ताईंनी पॅडवरून वाक्य जसंच्या तसं वाचलं. मग म्हणाल्या, "पक्के बोले आप. कच्चों का क्या? यहां छे कच्चे हैं."

कच्चे म्हणजे आम्ही सहा हंगामी बायका. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं वाटलं.

नरसिंगरावांचा चेहरा उतरला. त्यांनी वर साहेबांच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. ते मी पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ताईंनीही पाहिलं असणारच.

"अम्मा, बाद में बोलते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"बाद में कैकू? अब्बी बोलो ना. सब के सामने."

लोकही ओरडायला लागले, बोलो बोलो. नरसिंगरावांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. शेवटी म्हणाले, "उनकी बात अलग है." आणि स्टुलावरून उतरले.

सभा तिथेच मोडली. बसमध्ये ताई म्हणाल्या, "बघितलंस? विकला गेलाय." मला ते पटलं. रात्रभर मी नरसिंगरावांना मनात शिव्या घातल्या. ऑफिसात दोन दिवस दुसरं बोलणं नव्हतं. युनियनने हंगामी बायकांना सोडलं, अशी बातमी कारखान्यापर्यंत गेली, तिथून आणखी वर गेली. पंधरवड्याने माझी ऑर्डर संपली. चार दिवस गेले, आठ गेले. नवी निघाली नाही. सहाजणींपैकी कुणाचीच निघाली नाही.

त्यानंतरच्या रविवारी माधवराव मला बोलवायला आले. त्यांच्या घरी नरसिंगराव बसले होते. समोर चहा तसाच. मी दिसल्यावर ते उभे राहिले, मग परत बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. साहेबांनी त्यांना कबूल केलं होतं, की योजनेचा गोंधळ संपला की या सहाजणींना गुपचूप दुसऱ्या खात्यात घेऊ. फक्त सभेत त्यांचं नाव निघायला नको, कागदावर तर नकोच. वर कळलं की हंगामी लोक अजून आहेत, तर वरचे आधी त्यांनाच काढायला सांगतील. म्हणून नरसिंगरावांनी मुद्दाम 'पक्के' म्हटलं होतं. सभेत प्रश्न निघाला, गाजला, वर गेला, आणि वरून विचारणा आल्यावर साहेबांनी हात झटकले.

"लिखके दिया था क्या साहब?" ताईंनी विचारलं.

"नहीं अम्मा. जबानी बोले थे." जबानी म्हणजे तोंडी.

"फिर शब्द मोडने के वास्ते उनकू मैं कैकू होना? वो तो वैसे भी मोडते."

"मोडते, नहीं मोडते, अब किसको मालूम?" नरसिंगराव उठले. "आप मेरे को बाजू में लेके पूछती, तो मैं बोल देता."

ते गेल्यावर माधवराव हलकेच म्हणाले, "खरं बोलतोय माणूस." माधवरावांचं एखादं वाक्य त्यांनी तसंच जाऊ दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी मात्र बोलले. बोलायला नको होतं. "ताई, तेवढं एक वाक्य जाऊ दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

त्या म्हणाल्या, "हौ." एवढंच.

मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. रस्त्यात दिसल्या तर दुसऱ्या गल्लीने जायचे. कोठीला एका क्लासमध्ये संगणक शिकायला नाव घातलं. तिथे सगळी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलं. मला 'आंटी' म्हणायची. घरी सासूबाई म्हणायच्या, "मी म्हणत नव्हते त्या बाईबद्दल?" त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायचं आणि लगेच वाईटही वाटायचं. शिवाय नरसिंगराव तरी खरं बोलले होते का, हा किडा डोक्यात होताच. सभेत अब्रू गेलेला माणूस अशी गोष्ट रचूही शकतो. कुणावर विश्वास ठेवावा हेच कळत नव्हतं.

चारेक महिन्यांनी, सकाळीच, ताई आमच्या दारात. हातात पॅड. सासूबाई आत निघून गेल्या.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुला एक वाचून दाखवायचंय."

त्यांनीही निवृत्ती घेतली होती. ऑफिसात दुसरी स्टेनो उरली नव्हती, त्यामुळे ताईंच्या निवृत्तीचं पत्र साहेबांनी ताईंनाच सांगितलं आणि ताईंनीच उतरवून घेतलं. ते झाल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं होतं, की त्या सहा मुलींबद्दल तुम्ही नरसिंगरावांना शब्द दिला होता का? साहेबांचं उत्तर पॅडवर होतं. ताईंनी वाचलं:

"असं काही बोलल्याचं मला आठवत नाही, मिसेस कदम."

मी दार पूर्ण उघडलं.

"दिला नव्हता, असं तो म्हणाला नाही," ताई म्हणाल्या. "न दिलेला शब्द आठवायचा प्रश्नच कुठे येतो? सरळ नाही म्हणतो माणूस. नरसिंगराव खरा होता." त्यांनी पॅड मिटलं. "मी त्यांच्या घरी चालले आहे. येतेस?"

का गेले, मला अजून सांगता येणार नाही. सीताफळमंडीपर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. नरसिंगराव अंगणात बनियनवर स्कूटर धूत होते. ताईंना बघून त्यांनी नळ बंद केला.

ताई फाटकातच उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या बाईने लोकांची वाक्यं जशीच्या तशी उतरवली, तिला स्वतःचं वाक्य जुळेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबल्या. हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता.

"नरसिंगराव, मैं आप पे शक करी," त्या शेवटी म्हणाल्या. "सब के सामने करी. वो गलत था." मग जरा थांबून, अगदी मनापासून, "लिखके देऊं क्या?"

नरसिंगराव एकदम हसले. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले.

"नक्को अम्मा," ते म्हणाले. "जबानी चलता."

त्यांच्या बायकोने आम्हाला बसवून उपमा खायला घातला. निवृत्तीनंतर काय करणार, माधवरावांची साखर कशी आहे, असल्या गोष्टी झाल्या. सभेचा विषय कुणी काढला नाही.

परतताना मीच विचारलं. "म्हणजे ताई, आमची नोकरी तुमच्यामुळे गेली?"

"अर्धी," त्या लगेच म्हणाल्या. त्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवला होता हे उघड होतं. "जो लिहून द्यायला तयार नव्हता, अर्धी त्याच्यामुळे. पण माझी अर्धी माझीच. ती मी दुसऱ्यावर टाकणार नाही."

माझा राग त्या रस्त्यावर कधी गेला, कळलं नाही. पुढे मला एका खाजगी कंपनीत काम मिळालं. ताईंकडे माझं जाणं परत सुरू झालं, माधवराव गेले तेव्हा मी तेरा दिवस तिथे होते. ताई पहिल्यासारख्याच राहिल्या. भाजीवाल्याला, पोस्टमनला, माझ्या नवऱ्याला, कुणाला सोडलं नाही. फक्त एक फरक पडला होता. चारचौघांत विचारायच्या आधी त्या माणसाला बाजूला घ्यायच्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते आबिड्सला. मधल्या काळात दिल्लीत सरकारं आली आणि गेली. त्या वेळी रस्त्यावर उतरू म्हणणारे आता स्वतः खुर्चीवर होते, आणि कारखाने विकायचं खातं त्यांनी जोरात चालवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडचे कुणी मोठे नेते टीव्हीवर बोलत होते. मी बसमध्ये, सिग्नलला. रस्त्याच्या कडेला टीव्हीचं एक नवं, थंडगार काचेचं दुकान. काचेमागे वीसपंचवीस टीव्ही, सगळ्यांवर तोच चेहरा. फुटपाथवर गर्दी, पण काचेतून आवाज कुणालाच येत नव्हता. लोक नुसते हलणारे ओठ बघत उभे.

त्या गर्दीत प्रयागताई होत्या. खूप वाळल्या होत्या. सुती साडी, पायात रबरी चपला. दारावरच्या वॉचमनशी त्यांचं काहीतरी चाललं होतं. तो हाताने नाही म्हणत होता. ताई त्याला बाजूला घेऊन काही सांगत होत्या, बोट आतल्या टीव्हीकडे. त्याने एकदा त्यांच्या चपलांकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि दार उघडून धरलं.

मी खिडकीतून हाक मारली. ती पोचायचा प्रश्नच नव्हता. आत एका पोऱ्याने त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि वाकून काही विचारू लागला. बहुतेक कोणता टीव्ही दाखवू म्हणून. ताईंनी तळहात वर करून त्याला गप्प केलं आणि मान जराशी पुढे काढून ऐकू लागल्या.

बाहेरचे लोक काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होते. मग सिग्नल सुटला.